फोटोतलं बोट

“मग चाचा, कोच बदलायचा की नाही?”

रणधीर शिंत्रेनं पुन्हा विचारलं, तरी जमादार चाचांचं डोकं वर आलं नाही. पीराच्या दर्ग्यामागच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या खांबाला पाठ टेकून, ते मांडीवर सुतळीची जाळी विणत बसले होते. रिंगची जुनी जाळी फाटली होती. दुकानातली जाळी चाचांना कधी चालली नाही. हातानं विणलेलीतून बॉल गेला की आवाज गोड येतो, असं त्यांचं म्हणणं.

रणधीर काही ऐरागैरा नव्हता. कॉलेजला विद्यापीठाची ढाल आणून देणारा कप्तान तो, आणि आता संस्थेच्या कमिटीवर. प्राचार्यांच्या खोलीत त्याचा फोटो अजून टांगलेला आहे. शेवटची बास्केट नुकतीच पडलीय, आणि कप्तानाचं एक बोट वर. पाहुणा आला की प्राचार्य फोटोकडे हात करून म्हणतात, हे आमचे एक नंबर. रणधीरला त्या वाक्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर गोडीच लागली होती.

त्याच कॉलेजची टीम आता दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी येत होती. कोच होता महावीर चौगुले. रणधीरच्याच टीममधला, चाचांच्याच हाताखाली तयार झालेला. संध्याकाळी कमिटीची बैठक होती आणि सगळ्यांनी निकाल रणधीरवर टाकला होता. तो ‘बदला’ म्हणाला, की महावीरची नोकरी गेली.

महावीरच्या जागी कोण, हे अजून कुणी बोललं नव्हतं. पण रणधीरनं नवे बूट आणले होते, आणि आज ते पायात होते. फक्त चाचांनी मान हलवायची बाकी होती. इतकी वर्षं तिथं कोच राहिलेल्या चाचांचा शब्द त्या कॉलेजात कुणी मोडत नसे.

“तो काय म्हणतो?” चाचांनी जाळीलाच विचारावं तसं विचारलं.

महावीर म्हणतो पोरं नवी आहेत, मैदान उखडलंय, जरा दम धरा. रणधीरनं हे सगळं सांगितलं आणि वर नाचता येईना अंगण वाकडं, हेही जोडून दिलं.

“तू मॅच बघितलीस?”

बघितली होती, म्हणून तर तो आला होता. समोरच्यांनी पार धुऊन काढलं होतं. आणि सांगता सांगता त्याच्या मनात सलत होतं ते बाहेर आलं.

“हरले त्याचं एक वेळ सोडा, चाचा. पण एवढी मागं पडलेली पोरं, आणि कुणी एखादी बास्केट केली की बोट दाखवत पळतंय. मिजास कसली एवढी? मला मान खाली घालावी लागली.”

चाचांचे हात थांबले.

“बोट कुणाकडं होतं?”

“कुणाकडं म्हणजे... ज्यानं पास दिला त्याच्याकडं. तुमचाच नियम तो.”

चाचांचाच नियम. बास्केट करणाऱ्यानं मागं धावताना पास देणाऱ्याकडं बोट करायचं. जो विसरेल त्याच्यावर चाचा कधी ओरडले नाहीत. त्याला फक्त बाकावर बसवायचे, मग तो कप्तान असो नाहीतर काल आलेला असो. पहिल्या वर्षी रणधीरनं त्या बाकाची लाकडं चांगलीच झिजवली होती.

“सगळी करतात?”

“सगळी.”

“हरतानासुद्धा?”

“तेच तर सांगतोय ना मी.”

चाचा पुन्हा विणायला लागले. त्यांच्या तोंडावर अभिमान दिसला आणि रणधीरला तो आवडला नाही. ढाल आणली त्या दिवशीही चाचा असेच दिसले होते. हरणाऱ्या टीमसाठी तसं दिसायचं काय कारण, हे त्याला कळेना.

“प्राचार्यांच्या खोलीतला तुझा फोटो,” चाचा म्हणाले. “त्यात तुझं बोट कुठं आहे रे?”

“वर आहे की. एक नंबर म्हणून.”





“तो पास कुणी दिला होता?”

“महावीरनं.” रणधीर जरा घाईनंच पुढं बोलला. “चांगला दिला होता, मी नाही कुठं म्हणतोय? तो बिचारा फोटोच्या बाहेर राहिला. पण शेवटी बास्केट करणारा लागतोच ना, चाचा.”

“लागतो की.”

चाचांनी शेवटची गाठ मारली. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि जाळी रणधीरच्या हातात दिली. तो उंच, स्टुलावर चढून त्यानं ती रिंगला बांधली. खाली उतरतोय तोवर चाचांनी खांबाशेजारचा जुना बॉल उचलला होता.

त्यांनी पास दिला. छातीवर, दोन्ही हातांनी, सरळ. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता.

अंग कुठं विसरतं? रणधीरनं बॉल झेलला, एक पाऊल टाकलं आणि उडाला. नव्या जाळीतून बॉल खाली आला आणि चाचा म्हणायचे तसाच गोड आवाज झाला.

दर्ग्याच्या पायरीवर बसलेली चार माणसं वळून बघायला लागली. एकानं तर वाहवा केली. रणधीरची छाती फुगली. नव्या बुटांवर उभं राहून त्यानं पायरीकडं बघितलं, आणि त्याचं एक बोट आपसूक वर गेलं, थेट आभाळाकडं.

“बघितलंत, चाचा?” तो हसत वळला. “हात अजून गेलेला नाही. आता बोला, संध्याकाळी काय सांगू त्यांना?”

पास दिला होता तिथंच चाचा उभे होते. दोन्ही हात अजून पुढंच होते. रणधीरचं बोट खाली येईपर्यंत ते वाट बघत राहिले.

“जा,” ते म्हणाले. “बाकावर बस.”