दादासाहेबांच्या केबिनमधलं ऊन

आर्किटेक्चर कॉलेजचे अध्यक्ष दादासाहेब मिरीकर यांनी जणू सूर्यही आपल्याच पगारावर असल्याच्या थाटात फर्मान काढलं. "माझी नवी केबिन विद्यार्थ्यांनी डिझाइन करायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तिच्यात उजेड हवा. बसल्या जागेवरून सगळं आवार दिसलं पाहिजे. आणि येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यासमोर आला पाहिजे. जमलं नाही, तर अख्खा वर्ग नापास!"

मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणी पाण्याच्या टाकीवर आरसे बसवले, कुणी केबिन सूर्यफुलासारखी फिरती केली. त्या फिरत्या मॉडेलमधले पुठ्ठ्याचे दादासाहेब तर भोवळ आल्यासारखे खुर्चीतून पडलेच. खऱ्या दादासाहेबांनी प्रत्येक मॉडेलला नाक मुरडलं.

शेवटी शर्वरी लोणारे रिकाम्या हातांनी पुढे आली.

"सर, तुमच्या सगळ्या अटींत बसणारी जागा आवारात तयारच आहे. दिवसभर ऊन, चारी बाजू मोकळ्या, आणि तिथं थांबल्याशिवाय मंत्र्यांची गाडीसुद्धा आत येत नाही."

दादासाहेब खुलले. "मग इतके दिवस कुणी बोललं का नाही? दाखव बघू!"

शर्वरीने खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. तिथं वॉचमन सोपानकाका स्टुलावर ऊन खात बसले होते.

"अडचण एकच आहे, सर," ती अदबीने म्हणाली. "तिथं बसणाऱ्याला दुसरा कुणी आला की उठावं लागतं."

वर्ग पास झाला. सोपानकाका मात्र आठवडाभर स्टूल घट्ट धरून बसले होते.