गडासमोरची चूल

“चूल उचलू? का म्हणून उचलू?” द्वारकाकाकी पळी उगारूनच बाहेर आली.

पाणगडाच्या दरवाजासमोर तिची खाणावळ. बांगड्याचं तिखलं नि तांदळाची भाकरी खाल्ल्याशिवाय गड बघून कुणी परतत नसे. पण पर्यटन समितीचे अध्यक्ष कुडतरकर यांना तिथेच फोटो काढायचा चौथरा हवा होता. म्हातारी एकटी आहे, चारचौघांत दटावली की उठेल, म्हणून मुद्दाम पाहुण्यांचा ताफा घेऊन आले. मेली मिजास ती केवढी!

“काकी, लोक इथे इतिहास बघायला येतात, तुझी भाकरी बघायला नाही,” अध्यक्ष गरजले. “हा पाणगड आहे! महिनोन्महिने शत्रूच्या तोफा झेलल्या, पण एक चिरा हलला नाही.”

“अगो बाई! मग पडला कसा हो?”

“आतलं धान्य संपलं म्हणून,” अध्यक्षांनी पाहुण्यांकडे वळून ऐटीत सांगितलं.

काकीने पळी खाली केली. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “म्हणजे चूल पेटती होती तोवर गड आपला होता, मग ती विझवायला आलेले तुम्ही कुणाकडचे हो, साहेब?”