विरघळलेली पानं

“मग ही सगळी झाडं उपटून टाकू ना, चाचा?” रेवतीनं विचारलं.

बशीरचाचा टाकीसमोर स्टुलावर बसले होते. ते पुढे वाकले. काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं.

काचेच्या टाकीत पाण्याखालची झाडं कशी लावायची, हे मिरजेत माणसांना शिकवता शिकवता त्यांची हयात गेली होती. रेवतीचे वडील, अण्णा, त्यांचेच शिष्य. अर्धांगाचा झटका येऊन अण्णा दवाखान्यात पडले, तेव्हा रेवतीनं त्यांची टाकी आपल्या घरी हलवली. पंधरा दिवसांत झाडांची पानं आरपार दिसू लागली, मग विरघळून गेली.

आणि उद्या अण्णा तिच्याकडेच राहायला यायचे होते.

रेवती पॅथॉलॉजिस्ट. गावात तिची स्वतःची लॅब. तिनं एक कागद पुढे केला.

“पाणी मी स्वतः तपासलंय. लोह, नायट्रेट, क्षार... कशातच खोट नाही. तरी मेली. आता एकच काय ते जगलंय. ते कोपऱ्यातलं.”

कोपऱ्यात एक झाड हिरवंगार उभं होतं. मागच्या आठवड्यात तिनंच दुकानातून आणून लावलेलं.

चाचांनी कागद बाजूला ठेवला. बाही वर सारली आणि ते हिरवं झाड दोन बोटांत धरून हलकेच ओढलं.

अलगद हातात आलं. बुडखा काळा, बुळबुळीत. कुजका वास सुटला.

चाचांनी ते तिच्या हातात दिलं.

“आता तू. ते मधलं ओढ.”

“त्याला तर पानच नाही...”

“ओढ.”

तिनं पाण्यात हात घातला. उरलेला बोटभर खुंट धरून ओढला. येईना. आणखी जोर लावला, तशी भोवतालची वाळूच वर उचलली गेली. वाळूत पांढरी, ताठ मुळं दिसली.

तिनं दुसरा खुंट ओढला. मग तिसरा. चौथा...

एकही सुटेना.

“चाचा, जिवंत आहेत!” ती चाचांकडे वळली. “मला वाटलं, मी मारली. बावीस वर्षं सांभाळलीत हो अण्णांनी...”

“जागा बदलली की पानं टाकतात ही. बास आता, ओढू नकोस.”

ती हसली. ओल्या हातानंच डोळे पुसले.

“गेलेली पानं परत येतील?”

“नाही.”

“मग झाड सुधारतंय, हे कळायचं कशावरून?”

चाचांनी तिचं बोट धरून एका खुंटाच्या मधोमध टेकवलं. तिथं तांदळाच्या दाण्याएवढा कोंब होता. इतके दिवस तिला दिसलाच नव्हता.

तिनं कोंबावरचं बोट काढलं नाही.

“चाचा... अण्णांचा डावा हात पहिल्यासारखा होणार नाही म्हणतात. बोलणंही अडखळतंय.” तिनं पाण्यातून हात काढला. “बीपी, शुगर मी रोज बघेनच. आणखी काय बघू?”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“काल जमत नव्हतं आणि आज जमलं, ते.”