शून्याने गुणलेली वस्ती

पूर्वी, कृतयुग उतरणीला लागले असताना आणि माणसांनी नुकतेच मोजायला सुरुवात केली असताना, मंदस्रोता नदीच्या उत्तर तीरावरील टेकडीवर महर्षी ऊर्ध्वकेतूचा आश्रम होता. बकुळ-कदंबांनी वेढलेला, होमाच्या धुराने सदैव धूसर, पाढ्यांच्या घोषाने दुमदुमणारा तो आश्रम पाहून वाटसरू दुरूनच हात जोडत. आत नेमके काय शिकवतात हे मात्र कोणी विचारत नसे. ऊर्ध्वकेतूने शेकडो वर्षे एका पायावर उभे राहून ब्रह्मदेवाला प्रसन्न करून घेतले होते, आणि जो इतकी वर्षे एका पायावर उभा राहतो त्याला सगळे कळत असणार, अशी त्या काळच्या लोकांची समजूत होती. ती अजूनही गेलेली नाही.

ब्रह्मदेवाने त्याला वर दिला होता, "तपोधना, भूमीवर तू जी बंद रेषा आखशील तिच्या आतले, भूमी सोडून, सर्व काही तू उच्चारशील त्या संख्येने गुणले जाईल. भागाकारही तुझ्या स्वाधीन राहील. फक्त ही दोन्ही कर्मे म्हणजे काय, ते आधी समजून घे."

"पितामह, मला ती पाठ आहेत," ऊर्ध्वकेतू म्हणाला.

ब्रह्मदेव अंतर्धान पावला. समजावून सांगण्याचा कंटाळा देवांनाही येतो.

या आश्रमात अर्चिष नावाचा एक तरुण शिष्य होता. आईबाप लहानपणीच गेलेले. टेकडीखालच्या वेतसी वस्तीत वेताच्या टोपल्या विणणाऱ्या थोरल्या बहिणीने, कुमुदेने, त्याला वाढवले आणि आश्रमाला वर्षानुवर्षे फुकट टोपल्या पुरवून तिथे ठेवले. 'चार सत्ते' आणि 'सात चोक' ही दोन वेगळी रहस्ये आहेत आणि दुसरे पहिल्यानंतर तीन वर्षांनीच द्यावे, असा ऊर्ध्वकेतूचा दंडक होता. एके दिवशी पूजेच्या तबकात चार ओळींत सात-सात पणत्या मांडल्या होत्या. अर्चिष तबकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुदेव, इथून पाहिले तर सात ओळींत चार-चार आहेत. पणत्या त्याच. मग तीन वर्षे कशासाठी थांबायचे?"

त्याला त्या दिवशी उपाशी ठेवले.

पुढे दुष्काळ पडला. ऊर्ध्वकेतूने धान्याच्या कोठाराभोवती रेषा आखून "तीन" असा उच्चार केला. धान्य तिप्पट झाले. उंदीरही तिप्पट झाले. सगळा आश्रम जयजयकार करत असताना अर्चिष म्हणाला, "रेषेच्या आतल्या प्रत्येकाला वेगवेगळे गुणले जाते, गुरुदेव. धान्याला तीन आणि उंदरांनाही तीन. रेषा निवड करत नाही."

"उंदीर आधीपासूनच होते," महर्षी म्हणाले. मग उंदीर धान्यावर तुटून पडणार इतक्यात महर्षींनी मुकाट्याने तीनने भागले, सारे पूर्ववत झाले, आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की आपण केलेले काहीही आपल्याला परत फिरवता येते. अर्चिषाला मात्र त्याच संध्याकाळी आश्रमातून हाकलण्यात आले. कारण सांगितले, उद्धटपणा.

कुमुदेने त्याला दारातच अडवले. "आलास? माझ्या एवढ्या टोपल्या घातल्या त्या म्हाताऱ्याच्या घशात, आणि तू तोंड चालवून परत आलास."

"मी चूक नव्हतो, ताई."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून काय पोट भरते? जा, निदान वेत तोडून आण."

दुसऱ्या सकाळी तो रानात गेला, आणि नेमका त्याच दिवशी विकुंभासुर सैन्य घेऊन वस्तीवर चालून आला. काळ्या मेघांसारखे देह, तांबड्या जटा, परशूंची अरण्ये खांद्यावर घेतलेले ते असुरसैन्य वस्तीच्या चहूबाजूंनी कडे करून बसले. घरांत माणसे, भोवती असुर. वेताचा भारा टाकून अर्चिष टेकडी चढून आश्रमात धावला, तेव्हा त्या देशाचा राजा सुवर्चस मदत मागत महर्षींच्या पायाशी बसला होता.

"उपाय सोपा आहे," ऊर्ध्वकेतू सांगत होते. "असुरांच्या बाहेरून रेषा आखतो आणि शून्याने गुणतो. सर्व नष्ट होईल."

"आणि आतली प्रजा?" राजाने विचारले.

"तीही. मग केवळ घरांभोवती लहान रेषा आखून शून्याने भागतो. प्रजा परत येते, असुर येत नाहीत. कोठाराच्या वेळी पाहिलेस ना?"

अर्चिष पुढे झाला. "गुरुदेव, कोठाराला तीनने गुणले होते. एका पोत्याची तीन झाली, पाचांची पंधरा. पंधरा पाहून भागाकाराला कळते की मूळची पाच होती. शून्याने पाचांना गुणा, शून्य. पाचशेंना गुणा, तरी शून्य. समोर शून्य पडल्यावर तुमचा भागाकार कोणाला शोधणार?"

"ज्याला पाढे पुरे करता आले नाहीत तो मला भागाकार शिकवतो," महर्षी राजाकडे पाहून हसले. राजाही हसला. हसायचे असते अशा वेळी.

"महाराज, तुमचे सैन्य चौपट करून घ्या आणि लढा," अर्चिष राजाला म्हणाला. "नंतर चाराने भागता येईल."

"लढाईत काही पडतील," ऊर्ध्वकेतू मध्येच बोलले. "मग चाराचा भाग पुरा जाणार नाही. बाकी उरेल. ऊर्ध्वकेतूच्या गणितात आजवर कधी बाकी उरलेली नाही."

"उरू दे. बाकी म्हणजे जिवंत माणसे आहेत, गुरुदेव."

"आणि चौपट सैन्याला खायला कोण घालणार?" राजाने विचारले.

अर्चिषाने गुडघे टेकले. ज्याने उपाशी ठेवले, हाकलले, त्याचे पाय धरले. "मग एकाने गुणा. एकाने गुणून काही बदलत नाही, तुम्ही गुणले एवढे जगाला दिसेल आणि माझी ताई निदान असुरांच्या वेढ्यात तरी राहील. वेढ्यातून सुटका होते. शून्यातून होत नाही."

महर्षींनी पाय सोडवून घेतला. शिष्यांनी अर्चिषाला कदंबाला बांधले. ते सगळे त्याच्याच वयाचे होते, आणि एकानेही मान वर केली नाही.

रेषा आखली गेली. शब्द उच्चारला गेला. वज्रपात नाही, आक्रोश नाही. असुर गेले, परशू गेले, घरे, गोठे, कुत्री, चुलीवरची भांडी, अंगणातली खेळती पोरे, सगळे गेले आणि सपाट माती उरली. राजाने "धन्य" म्हटले.

मग ऊर्ध्वकेतू घरांभोवती रेषा आखायला उतरले आणि थबकले. घरे कुठे होती, हे सांगायला आता घरच नव्हते. त्यांनी अंदाजाने वर्तुळ काढले आणि शून्याने भागले. पुन्हा भागले. तिसऱ्यांदा आवाज चिरकला तेव्हा ब्रह्मदेव प्रकटला.

"किती परत करू?" त्याने विचारले.

"जितके होते तितके."

"किती होते? ज्या संख्येला शून्याने गुणले की शून्य येते ती संख्या सांग. मी तितके देतो."

त्या वस्तीत किती माणसे होती हे ऊर्ध्वकेतूंनी कधी पाहिले नव्हते. टोपल्या मात्र नियमाने मोजून घेतल्या होत्या.

वर टेकडीवर कदंबाला बांधलेल्या अर्चिषाने ओरडून सांगितले, "एक. निदान एक, पितामह. कुमुदा तिचे नाव."

ब्रह्मदेवाने वर पाहिले. त्याच्या चारही मुखांवर थकवा होता. "एक हे उत्तर बरोबर आहे, बाळ. लाखही बरोबर आहे. एकही नव्हते, हेही बरोबर आहे. सगळीच उत्तरे बरोबर ठरतात तेव्हा कुठलेच देता येत नाही. शून्य काही लक्षात ठेवत नाही." एवढे बोलून त्याने ऊर्ध्वकेतूचा वर काढून घेतला, आणि शून्याने भागण्याचे दार तिन्ही लोकांत कायमचे मिटून टाकले.

संध्याकाळी कोणीतरी दोर सोडला. अर्चिष खाली उतरून त्या मातीत इकडून तिकडे फिरला. आपले अंगण कोणते ते त्याला ओळखता येईना. मग तो नदीचे पाणी ओंजळीत घेऊन ऊर्ध्वकेतूसमोर उभा राहिला. "तुम्हाला मारणार नाही. तुम्ही जगा, शिकवा. तुमच्या आसनावर जे जे बसतील तेही शिकवोत. पण कोणी पोराने 'का?' असे विचारले, की तुमच्या तोंडून उत्तर न येवो." त्याने पाणी मातीवर सोडले आणि तो नदी ओलांडून निघून गेला. त्याला पुन्हा कोणी पाहिले नाही.

आश्रम पुढे भरभराटला. राजाने गायी दिल्या. ऊर्ध्वकेतूंनी शिष्यांना एक नवा नियम पाठ करायला लावला, की शून्याने भागू नये. एका नव्या शिष्याने हात वर करून विचारले, "का, गुरुदेव?" महर्षींनी तोंड उघडले आणि मिटले, आणि मग छडी उचलून म्हणाले, "नियम आहे. पुढे म्हण."

तो नियम आजही तसाच शिकवला जातो. शिकवणारे फळ्याकडे तोंड करून तो पटकन सांगून टाकतात, पोरे वहीत उतरवून घेतात, आणि त्या फळ्यापलीकडे एक अख्खी वस्ती अजून परत येण्याची वाट पाहत असते.