पहिल्या नंबरचा मान

लढाईवरच्या जीपगाड्या म्हाताऱ्या होऊन लोकांच्या अंगणात आल्या, त्या काळची गोष्ट. डुंबरेकाकांनी अशाच एका जीपचं इंजिन घरी खोललं आणि चारही पिस्टन काकूंच्या परातीत रॉकेलने धुतले. ज्याला त्याला आपलंच जुनं सिलिंडर मिळावं म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली.

चौथा पिस्टन फणफणला. "सरहद्दीवर धावलो मी, आणि शेवटचा नंबर मलाच?"

"धावलो तर आपण चौघेही," पहिला म्हणाला. "पण तू तुझ्या घरात झिजलास, मी माझ्या. माझ्या घरात तू अडकशील रे."

"अडकेन, पण पुढे बसेन!" काका चहाला उठताच चौथ्याने चिठ्ठ्या बदलल्या.

इंजिन जोडून काकांनी स्टार्टर मारला. घर्र करून सगळं जाम झालं, ते कायमचंच.

"आता तरी माझी परात द्या," काकू म्हणाल्या.

कॉलनीने जीप रंगवून चौकात चौथऱ्यावर चढवली. सव्वीस जानेवारीला बॉनेटवर हार पडला, बँड वाजला. आत अंधारात चौथ्याची छाती फुगली.

"बघितलंस? पुढे बसलो म्हणून मान मिळाला!"

मागून पहिला म्हणाला, "मिळणारच. चालत्या गाडीला कोण चौथऱ्यावर चढवतं?"