झावळ्यांची मिरवणूक

डोंगराच्या पायथ्याशी, माडांच्या एका ख्रिस्ती गावात इनास नावाचा एक बागायतदार राहत होता. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, तिथे एक जुनी रीत पाळली जाई. वेशीवरच्या क्रुसापाशी फादर हिरव्या झावळ्यांना आशीर्वाद देत. मग येशूच्या नावाने मिरवणूक चर्चकडे निघे. चर्चचे मोठे दार बंद असे. पुढे चालणारा मानकरी हातातल्या क्रुसाने ते ठोठावी, तेव्हाच ते उघडत असे. हा मान घरोघर पाळीने फिरे. माणसाच्या वाट्याला तो आयुष्यात एकदाच येई.

त्या वर्षी पाळी इनासची होती. त्याच्या वडिलांची पाळी आली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्यामुळे हा मान त्याला दोघांचा वाटत होता.

मिरवणूक अर्ध्या वाटेवर आली आणि मागून कुणीतरी ओरडले, "वणवा! वणवा लागला!"

उतारावरचे गवत पेटले होते. आग वारली पाड्याकडे सरकत होती. पाड्यातली माणसे हिरव्या फांद्यांनी ती झोडपत होती. पण माणसे थोडी होती आणि झोपड्या गवताच्या होत्या.

"चला पुढं," इनास म्हणाला. "आधी देवाचं काम उरकू. मग सगळेच जाऊ."

त्याची बायको ब्रिजीत रांगेतून पुढे आली. "अहो मानकरी, चर्चचं दार उद्याही जागेवर असेल. त्यांची घरं नसतील."

"बाबांचा मान आहे हा, ब्रिजीत."

फादर शांतपणे म्हणाले, "इनास, मिरवणूक कुणाची?"

"येशूची."

"मग तो कुठे निघालाय ते तूच बघ. पुढे तू आहेस."

इनासने चर्चच्या दाराकडे पाहिले. मग डोंगराकडे पाहिले. त्याने क्रूस फादरांच्या हाती दिला, ब्रिजीतच्या खांद्यावरची झावळी ओढून घेतली आणि तो चढणीला लागला. सगळी मिरवणूक त्याच्या मागोमाग वळली.

"वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका! बाजूनं झोडा!" पाड्यातली माणसे ओरडून सांगत होती. ओल्या झावळ्या सपासप पडू लागल्या. एक गोठा जळाला. घरे सगळी वाचली.

लाडकी नावाच्या म्हातारीने इनासला पाण्याचा तांब्या दिला. "तुमच्या देवानं बरं धाडलं तुम्हाला."

"धाडलं कसलं, आजी! तो आमच्या आधीच येऊन तुमच्यासंगं आग झोडत होता. आम्ही मागून आलो."

"मग पाणी प्या," म्हातारी हसली, "आणि पुढच्या खेपेला त्याच्याबरोबरच निघा."

आशीर्वादाची झावळी वर्षभर दारावर लावायची, असा त्या गावाचा शिरस्ता होता. त्या वर्षी एकाही दारावर झावळी नव्हती. पाहुण्यांनी विचारले, की लोक ताठ मानेने डोंगराकडे बोट दाखवत. सगळ्यांत आधी बोट उठे ते इनासचे.

तात्पर्य: देवाचे काम चर्चच्या दारापासून सुरू होत नाही; ते जगात आधीच चालू असते. तो जिथे राबत असेल तिथे आपले हात घेऊन पोहोचणे, हाच ख्रिस्तसभेचा खरा मान.