अग्निबाणांचं साटंलोटं

काजळगड आणि मोहरगड या शेजारच्या राज्यांत अग्निबाण वाढवायची चुरस लागली होती. दोन्हीकडचे राजे म्हणत, "आमचे बाण केवळ शांततेसाठी!" काजळगडच्या प्रधानांची नवी सून म्हाळसा मोहरगडची. पहिल्या सणाला माहेरी जावं, तर सीमाच बंद.

एकदा काजळगडचे महाराज दरबारात गरजले, "एकही बाण न उतरवता शेजाऱ्याचा विश्वास मिळवून द्या! आणि बाण तरी कसे? थेट त्याच्या पलंगावर पडतील, तसूभर चुकणार नाहीत."

पडद्याआडून म्हाळसा म्हणाली, "मामंजी, आमच्याकडे साटंलोटं करतात. यांची लेक त्यांच्या घरी, त्यांची लेक यांच्या घरी. मग सुनेला छळायला दोन्ही घरं कचरतात."

महाराज हसले. "आम्हांला लेक नाही, सूनबाई."

"लेक कशाला, महाराज? आपण त्यांच्या पलंगावर निजावं, त्यांनी आपल्या. बाण शांततेचेच आहेत, मग भीती कसली?"

महाराज प्रधानांकडे झुकले. मग हळूच म्हणाले, "प्रधानजी, तिकडे रोखलेले बाण आधी उतरवा. आपल्या कारागिरांचा काही भरवसा नाही."

ते पाहून मोहरगडनेही उतरवले. सीमा उघडली आणि म्हाळसा सणाला माहेरी पोचली. महाराज मात्र अजून स्वतःच्याच पलंगावर निजतात.